पडलेली भिंत, थांबलेला घोडा

चलच्चित्र उलटे चालवणे आणि त्यातली एखादी फ्रेम थांबवून जतन करणे ही दोन्ही कामे आज संकलनाच्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये एका आज्ञेवर होतात. दोन्हींचे मूळ एकच आहे. पडद्यावर जे हलताना दिसते ती प्रत्यक्षात एकापाठोपाठ एक दाखवलेल्या स्थिर चित्रांची माळ असते. माळ उलटी ओढली की काळ मागे गेल्यासारखा वाटतो आणि एकच मणी बोटांत धरून ठेवला की काळ थांबल्यासारखा. तत्त्व एवढे सरळ असले तरी या दोन गोष्टी एकाच यंत्रावर सारख्याच सोप्या अशा फार क्वचित झाल्या. एखाद्या यंत्राला मागे फिरणे सहज जमे पण थांबता येत नसे. दुसऱ्याला थांबता येई आणि मागे फिरताना त्याची दमछाक होई. संकलनाच्या तंत्राचा बराचसा इतिहास या ओढाताणीतून घडला आहे.

सिनेमाच्या आधीच्या खेळण्यांतही ही ओढाताण दिसते. बेल्जियमचे शास्त्रज्ञ जोसेफ प्लॅटो यांनी १८३२ च्या सुमारास फेनाकिस्टोस्कोप नावाची चकती तयार केली. चकतीच्या कडेला खाचा आणि आत वर्तुळात काढलेली एकाच माणसाची वेगवेगळ्या पवित्र्यांतली चित्रे. चकती आरशासमोर धरून फिरवायची आणि खाचांमधून आरशात पाहायचे, की तो माणूस गिरक्या घेऊ लागे. चकती दुसऱ्या बाजूने फिरवली की गिरकी उलटी. चकती थांबली की मात्र नाच संपला. उरली नुसती कागदावरची चित्रे. उलटी गती इथे फुकट मिळत होती आणि थांबणे म्हणजे खेळच मोडणे होते.

पुढे ल्युमिएर बंधूंच्या सिनेमॅटोग्राफने हा खेळ पडद्यावर आणला. २८ डिसेंबर १८९५ रोजी पॅरिसच्या ग्रँड कॅफेत तिकीट लावून पहिला प्रयोग झाला. त्यांची प्रत्येक फीत जेमतेम १७ मीटर लांब. त्यात सुमारे ८०० फ्रेम आणि सेकंदाला साधारण १६ या वेगाने ५० सेकंदांचा खेळ. यंत्र हाताने फिरवायचे होते आणि तेच कॅमेऱ्याचे, प्रती काढण्याचे व प्रक्षेपणाचेही काम करी.

१८९६ मध्ये लिऑन इथल्या ल्युमिएर कारखान्याच्या आवारात एक जुनी भिंत पाडताना फीत घेतली गेली. ओग्युस्त ल्युमिएर स्वतः तिथे उभे राहून कामगारांना सूचना देत आहेत. कामगार भिंतीला रेटतात, भिंत एकसंध आडवी होते, पांढऱ्या धुळीचा लोट उठून सगळे झाकून टाकतो, आणि धूळ विरळ झाल्यावर कुदळी घेतलेली माणसे ढिगाऱ्यावर घाव घालताना दिसतात. प्रयोगात ही फीत एकदा सुलट दाखवून झाली की तीच उलट दिशेने चालवत. पसरलेली धूळ आपोआप आक्रसून जमिनीकडे ओढली जाई, विटांचे तुकडे जुळत आणि आडवी भिंत उठून पुन्हा ताठ उभी राही. हलणारे चित्रच ज्यांना नवे होते त्या प्रेक्षकांसमोर हे घडत होते. एडिटिंग हा शब्द रूढ होण्याच्या कितीतरी आधी, एका कारागिराने हँडल उलटे फिरवून काळाची दिशा बदलली होती.

हीच पाडकामाची फीत त्याच वर्षी मुंबईत पोहोचली. ७ जुलै १८९६ रोजी वॉटसन्स हॉटेलात ल्युमिएरांचे प्रतिनिधी मारियुस सेस्तिए यांनी जो खेळ लावला, त्यात सहा फिती होत्या आणि त्यांतल्या एकीचे नाव ‘अ डिमॉलिशन’ असे होते. तिकीट एक रुपया. भारतात सिनेमाचे पहिले पाऊल पडले ते भिंत पाडणाऱ्या माणसांच्या सोबतीने, ही गोष्ट ल्युमिएरांच्या आगगाडीच्या फितीच्या गडबडीत सहसा सांगायची राहून जाते.

उलटे जाणे असे पहिल्याच वर्षी साधले. थांबणे मात्र धोक्याचे होते. त्या काळची फीत नायट्रेटची, म्हणजे जवळजवळ स्फोटकाच्या कुळातली. दिव्याचा प्रखर झोत एका फ्रेमवर क्षणभर जास्त रेंगाळला तर फीत पेट घेई. ल्युमिएरांच्या यंत्रात पाण्याने भरलेला काचेचा गोळा भिंगाचे काम करी आणि दिव्याची बरीच उष्णता स्वतःकडे घेई. जॉर्ज मेलिएस यांनी नंतर सांगितले आहे की त्यांनी पाहिलेला प्रयोग लिऑनच्या बेलकूर चौकाच्या स्थिर चित्राने सुरू झाला, आणि पाहणाऱ्यांची निराशा होऊ लागते न लागते तोच त्या चित्रातला घोडा गाडी ओढत पुढे चालू लागला. पण स्थिर चित्राची ही करामत सुरुवातीपुरतीच राहिली. पुढचे प्रोजेक्टर अधिक तापणारे झाले आणि वेग मंदावताच फीत व दिवा यांच्यामध्ये आपोआप पडदा टाकणारी योजना त्यांना जोडावी लागली. नायट्रेट जाऊन न पेटणारी फीत आल्यावरही थिएटरात रीळ अडकले की पडद्यावरच्या चेहऱ्याच्या मधोमध तपकिरी फोड उठून तो पसरत जाई. एके काळी एका पडद्याच्या टॉकीजमध्ये सिनेमा पाहिलेल्यांना तो फोड आणि त्याबरोबर उठणाऱ्या शिट्ट्या आठवत असतील.

प्रत्येक खेळात ऑपरेटरने हँडल उलटे फिरवण्यापेक्षा उलटी गती फितीतच भरून ठेवणे सोयीचे होते. त्याची युक्ती विलक्षण साधी आहे. कॅमेरा उलटा, म्हणजे डोके खाली करून धरायचा आणि प्रसंग नेहमीसारखा चित्रित करायचा. धुऊन झालेल्या फितीचा तो तुकडा शेवटाकडून सुरुवातीकडे असा फिरवून रिळात जोडायचा. फीत अर्धी फिरल्यामुळे डोके खाली असलेले चित्र सरळ होते, पण फ्रेमचा क्रम उलटा होतो. ३५ मिलिमीटरच्या फितीला दोन्ही कडांना भोके असल्याने ती अशी फिरवली तरी यंत्रात नीट बसते. एकाच कडेला भोके असलेल्या १६ मिलिमीटरच्या फितीला हे चालत नाही. ती पालथी घालावी लागते, त्यामुळे डावे-उजवे बदलते आणि चित्राचा थर उलट्या बाजूला गेल्याने फोकसही किंचित सरकतो. हौशी चित्रपटकारांना हा धडा बहुधा फीत धुऊन आल्यावरच मिळे.

इंग्लंडमध्ये ब्रायटनजवळ काम करणाऱ्या जॉर्ज अल्बर्ट स्मिथ यांनी १९०० मध्ये ‘द हाउस दॅट जॅक बिल्ट’ ही छोटी फीत केली. मुलगी ठोकळ्यांचे घर बांधते, मुलगा ते पाडतो. मग तोच प्रसंग उलटा आणि मुलाच्या हातून घर उभे राहते. ल्युमिएरांच्या भिंतीत उलटणे ही प्रयोगातली गंमत होती, इथे ती गोष्टीचा भाग झाली. संकलनाच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे.

भारतात फ्रेमच्या या गणिताशी पहिली गंभीर झटापट केली ती दादासाहेब फाळके यांनी. १९१२ मध्ये लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणून त्यांनी आधी केली ती ‘अंकुराची वाढ’ ही फीत: कुंडीतला वाटाणा उगवून त्याचा वेल होईपर्यंत थोड्या थोड्या अंतराने एकेक फ्रेम घेत राहायचे. प्रत्येक फ्रेम हे एक स्वतंत्र छायाचित्र आहे आणि दोन फ्रेममधला काळ किती असावा हे कॅमेरामनच्या हाती आहे, हे त्या वाटाण्याने पैसे गुंतवणाऱ्यांना डोळ्यांनी दाखवून दिले. कच्च्या फितीला रात्री अंधारात भोके पाडण्याचे काम सरस्वतीबाई फाळके करीत. ३ मे १९१३ रोजी कोरोनेशन थिएटरात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला त्याच्या मागे हे फ्रेममोजणीचे कष्ट होते.

उलट्या गतीचा परिणाम सगळ्याच दृश्यांवर सारखा होत नाही, हे सुरुवातीच्या कारागिरांना अनुभवाने कळत गेले. झोक्याचा लंबक उलटा दाखवला तर कोणाच्या लक्षातही येत नाही. धूर, पाणी, आग, फुटलेली काच, सांडलेले धान्य यांना मात्र परतीची वाट नसते, म्हणून तिथे उलटणे लगेच ओळखू येते. चमत्कार हवा असेल तर हेच विषय निवडायचे. लबाडी लपवायची असेल तर हेच टाळायचे. रुळाला बांधलेल्या नायिकेपासून वीतभर अंतरावर इंजिन थांबते हा जुना प्रसंग बहुधा उलटा चित्रित होई: इंजिन नायिकेजवळ उभे करायचे आणि मागे नेत चित्रण करायचे. मग एखादा चाणाक्ष प्रेक्षक पाही की इंजिनाची वाफ धुराड्यातून बाहेर पडण्याऐवजी आत शिरते आहे. पौराणिक आणि जादूच्या चित्रपटांत वस्तू उडत येऊन हातात बसते तीही पुष्कळदा अशीच: दोऱ्याने हातातून ओढून नेलेली वस्तू फीत उलटल्यावर हातात येते. मुंबईच्या स्टुडिओंतले ट्रिक छायाचित्रणाचे उस्ताद बाबूभाई मिस्त्री यांना तर ‘काला धागा’ हे टोपणनावच पडले होते.

नटाला यात उलटा अभिनय करावा लागे. चालणे, वळणे, दचकणे, सगळे शेवटाकडून. फ्रेंच कवी-दिग्दर्शक जाँ कॉक्तो यांनी या अवघडलेल्या हालचालींतच सौंदर्य शोधले. १९५० च्या ‘ऑर्फे’मध्ये रबरी हातमोजे हातावर आपसूक चढतात, चित्रित करताना ते काढलेले असतात. १९६० च्या ‘टेस्टामेंट ऑफ ऑर्फियस’मध्ये चुरगळलेल्या जास्वंदीच्या पाकळ्या बोटांखाली पुन्हा जुळून फूल होते. प्रत्यक्षात कॉक्तो कॅमेऱ्यासमोर ते फूल तोडत होते. हाताच्या हालचालींत किंचित परकेपणा राहतो आणि दृश्याला स्वप्नाची जी कळा येते ती त्या परकेपणामुळेच.

उलटी गती आणि थांबलेली फ्रेम या दोहोंना विचाराचे साधन केले ते सोव्हिएत चित्रपटकारांनी. झिगा व्हर्टोव्ह यांच्या १९२४ च्या ‘किनो-आय’मध्ये बाजारातले मांस मागे मागे जात पुन्हा जिवंत बैल होते आणि पाव शेतातल्या पिकापर्यंत परत जातो. ताटातले अन्न कोणाच्या श्रमातून आले हे सांगायला व्हर्टोव्ह यांनी फीत उलटी फिरवली. आयझेनस्टाइन यांच्या ‘ऑक्टोबर’मध्ये झारच्या पाडलेल्या पुतळ्याचे तुकडे उडत येऊन पुन्हा सिंहासनावर जुळतात, कारण त्या टप्प्यावर जुनी सत्ता परत येण्याचे भय सांगायचे आहे. ल्युमिएरांची भिंत आणि हा पुतळा यांत तंत्राचा फरक नाही; अर्थाचा आहे.

थांबलेल्या फ्रेमचे सगळ्यात देखणे दर्शन व्हर्टोव्ह यांच्याच १९२९ च्या ‘मॅन विथ अ मूव्ही कॅमेरा’मध्ये घडते. एक घोडा गाडी ओढत दौडतो आहे आणि मध्येच खिळतो. मग गाडीतल्या बाया खिळतात, रस्ता खिळतो, एका म्हातारीचा चेहरा, मुलांचे चेहरे. पुढच्याच दृश्यात तेच चेहरे फितीच्या तुकड्यावर, कडेच्या भोकांसकट, लहान लहान चौकटींत आडवे पडलेले दिसतात. मग दिसते ते संकलन करणारी बाई, येलिझावेता स्विलोवा, व्हर्टोव्ह यांची पत्नी. तिच्यामागे फळ्यांवर रिळांच्या गुंडाळ्या लावून ठेवलेल्या आहेत, प्रत्येकीवर चिठ्ठी. ती एक पट्टी उजेडासमोर धरते, पाहते, कापते, जोडते. आणि तिच्या हातातल्या पट्टीवरचे मूल पडद्यावर हसू लागते. फ्रेम म्हणजे काय, संकलक काय करतो, हे यापेक्षा स्वच्छ कोणत्याही पाठ्यपुस्तकाने शिकवलेले नाही. त्या घोड्याच्या थांबण्यासाठी एकच फ्रेम प्रयोगशाळेत पुन्हा पुन्हा छापलेली आहे.

ही पुनःपुन्हा छापण्याची रीत पुढे ऑप्टिकल प्रिंटर या यंत्राने पक्की केली. एका बाजूला प्रोजेक्टर, दुसऱ्या बाजूला कॅमेरा, दोघांची भिंगे समोरासमोर. दोन्ही एकेक फ्रेमने पुढे किंवा मागे सरकणारी. हॉलिवूडमध्ये लिनवूड डन यांनी या यंत्राला कारखान्यात तयार होणाऱ्या मालाचे रूप दिले. प्रोजेक्टर मागे आणि कॅमेरा पुढे चालवला की उलटी गती. प्रोजेक्टर थांबवून कॅमेरा चालू ठेवला की स्थिर फ्रेम. बोलपट आल्यापासून वेग सेकंदाला २४ फ्रेम असा ठरला होता, तेव्हा तीन सेकंद थांबायचे तर एकच फ्रेम ७२ वेळा छापायची. प्रोजेक्टरच्या गेटमध्ये फीत जळू देण्याचा प्रश्नच उरला नाही, कारण थिएटरमध्ये फीत धावतच असते. फक्त तिच्यावरची चित्रे सारखी असतात.

मात्र थांबलेल्या फ्रेमचा एक दोष ऑप्टिकल विभागातल्या लोकांना छळत राहिला. फितीवरचे चित्र चांदीच्या कणांनी बनते आणि हे कण प्रत्येक फ्रेममध्ये वेगवेगळ्या जागी असतात. फीत धावताना ते एकमेकांत मिसळून डोळ्यांना जाणवत नाहीत. दृश्य जणू बारीक उकळत असते. फ्रेम थांबली की ती उकळ एकदम थिजते, कण वाळूसारखे दिसू लागतात आणि एखादा धुळीचा ठिपका तीन सेकंद तसाच बसून राहतो. शिवाय प्रतीची प्रत काढल्याने चित्र रखरखीत होते ते वेगळेच. म्हणून जिथे हालचाल जवळजवळ नाही तिथे एकाऐवजी लगतच्या दोन-तीन फ्रेम पुढेमागे छापून कणांची सळसळ जिवंत ठेवण्याची युक्ती करीत. प्रेक्षकाला हे कधीच कळू नये, हीच त्या कामाची परीक्षा होती.

फ्रँक काप्रा यांच्या १९४६ च्या ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’मध्ये नायक हातांनी बॅगेची लांबी दाखवत असताना फ्रेम थांबते आणि मागून त्याच्याविषयीचे संभाषण चालू राहते. पण आज फ्रीझ म्हटले की जी फ्रेम डोळ्यांपुढे येते ती फ्रान्स्वा त्रुफो यांच्या १९५९ च्या ‘द ४०० ब्लोज’ची: सुधारगृहातून पळालेला मुलगा समुद्रापर्यंत धावतो, वळतो, कॅमेऱ्याकडे पाहतो आणि तिथेच थिजतो. पुढे काय, याचे उत्तर चित्रपट देत नाही. सत्यजित राय यांनी १९६४ च्या ‘चारुलता’चा शेवट असाच, पण एका नव्हे तर लागोपाठच्या अनेक थांबलेल्या फ्रेमनी केला. पती-पत्नीचे हात एकमेकांकडे सरकतात आणि भेटण्याआधी थांबतात. नोकराच्या हातातला दिवा, चारू, भूपती, सगळेच स्थिर. घर मोडले की सावरले, हे त्या हातांमधल्या अंतरावर सोडलेले आहे. मृणाल सेन यांनी ‘आकाश कुसुम’मध्ये स्थिर फ्रेमचा सढळ वापर केला तो वेगळ्याच, खट्याळ लयीसाठी.

संकलकाच्या टेबलावर दरम्यान आणखी एक बदल झाला होता. इवान सेरुरिए यांचे मुव्हिओला हे यंत्र १९२४ मध्ये संकलनासाठी आले आणि हातात पट्टी धरून उजेडात पाहण्याची गरज कमी झाली. पायाच्या दाबाने फीत पुढे-मागे जाई. नंतरच्या स्टीनबेकसारख्या आडव्या टेबलांत फिरत्या काचेच्या लोलकातून चित्र दिसे, फीत झटके न खाता सरके आणि हवी तिथे निवांत थांबे. पुण्यात प्रभात स्टुडिओच्या जागेवर १९६० मध्ये सुरू झालेल्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये संकलनाचे विद्यार्थी पिढ्यान् पिढ्या अशाच टेबलांवर शिकले. थांबणे आणि मागे जाणे दोन्ही इथे सोपे झाले, पण फक्त संकलकापुरते. प्रेक्षकाला ते दिसायचे तर फ्रेमच्या क्रमांकांसह ऑर्डर लिहून तुकडा प्रयोगशाळेकडे पाठवावा लागे आणि ऑप्टिकल होऊन परत येईपर्यंत वाट पाहावी लागे. पैसे लागत ते वेगळे. म्हणूनच जुन्या चित्रपटांतला प्रत्येक फ्रीझ विचार करून ठेवलेला असतो.

व्हिडिओ आला आणि सगळे पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले. ॲम्पेक्स कंपनीने १९५६ मध्ये दाखवलेल्या पहिल्या व्यावसायिक व्हिडिओ रेकॉर्डरची टेप दोन इंच रुंद होती आणि चार हेड तिच्यावर आडवे फिरत. चित्राचे एक फील्ड, म्हणजे अर्धी फ्रेम, अनेक आडव्या रेषांत तुकडे होऊन साठवलेले असे, त्यामुळे टेप थांबली की चित्र नाहीसे. उलटे चालवणेही शक्य नव्हते. फितीवर निदान डोळ्यांना फ्रेम दिसत असे. टेपवर काहीच दिसत नाही. सुरुवातीला टेप कापून जोडणारे तंत्रज्ञ तिच्यावर लोखंडाच्या कणांचा द्राव लावून सूक्ष्मदर्शकाखाली चुंबकीय खुणा शोधत. साठ वर्षांपूर्वी साधलेली भिंतीची करामत या नव्या यंत्राला जमत नव्हती.

वाट काढली ती खेळांच्या प्रक्षेपणाने. ७ डिसेंबर १९६३ रोजी अमेरिकेत सैन्यदल-नौदल फुटबॉल सामन्यात दिग्दर्शक टोनी व्हर्ना यांनी नुकताच झालेला टचडाउन लगेच पुन्हा दाखवला. १९६७ मध्ये ॲम्पेक्सचे चुंबकीय तबकडीवर चालणारे यंत्र आले. त्यात जेमतेम ३० सेकंदांचे चित्र मावे, पण ते मंद, थांबलेले आणि उलटे असे तिन्ही प्रकारे दाखवता येई, कारण तबकडीवर कोणत्याही फील्डपाशी थेट जाता येते. टेपमध्येही हेलिकल पद्धत रूढ झाल्यावर एक फील्ड एका तिरप्या रेषेत सबंध बसू लागले. टेप थांबली तरी हेड त्याच रेषेवरून फिरत राही आणि चित्र टिकून राही. घरच्या व्हीसीआरवरचा पॉज याच कारणाने शक्य झाला आणि थोड्या मिनिटांनी तो आपोआप सुटे तोही याच कारणाने: एकाच जागी घासून टेप आणि हेड दोन्ही झिजत.

व्हिडिओतल्या थांबलेल्या चित्राला स्वतःचा एक रोग होता. भारतात वापरात असलेल्या पद्धतीत सेकंदाला २५ फ्रेम, पण प्रत्येक फ्रेम दोन फील्डची: एकात विषम रेषा, दुसऱ्यात सम रेषा आणि दोघांत एक पन्नासांश सेकंदाचे अंतर. म्हणजे एका फ्रेममध्ये दोन वेगळे क्षण विणलेले असतात. हलणाऱ्या गोष्टीपाशी थांबले की तिच्या कडा कंगव्याच्या दातांसारख्या दिसतात आणि चित्र थरथरते. एकच फील्ड ठेवले तर थरथर जाते, पण उभ्या दिशेचा निम्मा तपशीलही जातो.

हा पन्नासांश सेकंद किती मोलाचा ठरू शकतो हे १४ नोव्हेंबर १९९२ रोजी डर्बनच्या कसोटीत दिसले. धावचीतच्या निर्णयासाठी मैदानावरचे पंच सिरिल मिचली यांनी तिसऱ्या पंचांकडे निर्णय सोपवला आणि कार्ल लिबेनबर्ग यांनी टीव्हीवरचे चित्र पुढे-मागे करून फलंदाजाला बाद ठरवले. अशा रीतीने बाद झालेला पहिला खेळाडू मुंबईचा सचिन तेंडुलकर, धावा ११. सेकंदाला साडेसहा मीटर वेगाने धावणारा फलंदाज एका फील्डपासून दुसऱ्या फील्डपर्यंत सुमारे १३ सेंटिमीटर पुढे सरकतो. बेल्स हलल्याचा क्षण दोन फील्डच्या मध्ये पडला तर थांबलेले चित्र काहीच ठरवू शकत नाही. पुढे सेकंदाला शेकडो चित्रे घेणारे कॅमेरे मैदानावर आले ते ही फट बुजवण्यासाठी.

महाराष्ट्रात सर्वसामान्य घरांत थांबलेली फ्रेम शिरली ती लग्नाच्या कॅसेटमधून. ऐंशी-नव्वदच्या दशकांत व्हिडिओ शूटिंगवाल्यांकडे डिजिटल मिक्सर आले. त्यांवर चित्र थांबवण्याचे, झटक्याझटक्याने पुढे सरकवण्याचे, चौकोन चौकोन करण्याचे बटण असे. अंतरपाट दूर झाला, अक्षता उधळल्या गेल्या, हार गळ्यात पडला की चित्र थांबे आणि त्या थांबलेल्या चित्राभोवती बदामाचा आकार उमटे. टेपवरून टेपवर प्रत करताना हे सगळे त्याच वेळी, हात चालवून करावे लागे; बटण चुकीच्या क्षणी दाबले गेले तर नवरीचे डोळे मिटलेले. या कामाला कोणी कला म्हटले नाही, पण सेकंदाच्या पंचविसाव्या भागाची जाण त्या बोटांना होती.

संगणकाने फ्रेमला क्रमांक दिला आणि माळेचे सगळे मणी एकदम समोर मांडले. १९८९ मध्ये ॲव्हिडची पहिली संकलन प्रणाली बाजारात आली, १९९१ मध्ये ॲडोबीचे प्रीमियर, १९९९ मध्ये ॲपलचे फायनल कट प्रो आणि त्याच वर्षी घरगुती वापरासाठी आयमूव्ही. क्लिप आता डिस्कवरच्या फाइलला फक्त संदर्भ देणारी नोंद झाली. उलटे चालवणे म्हणजे फ्रेमचे क्रमांक उतरत्या क्रमाने वाचणे. काही सॉफ्टवेअरमध्ये तर वेगाच्या रकान्यात उणे शंभर टक्के लिहिले की काम होते. थांबवणे म्हणजे एकच क्रमांक हवा तितका वेळ वाचत राहणे. मूळ चित्रणाला धक्का लागत नाही, प्रयोगशाळेचे बिल येत नाही, आवडले नाही तर आज्ञा मागे घेता येते.

तरीही जुने दोष नवे कपडे घालून परत आले. इंटरलेस्ड व्हिडिओ उलटा केला की फ्रेमबरोबर तिच्यातल्या फील्डचा क्रमही उलटावा लागतो; तो तसाच राहिला तर चित्र दोन पावले मागे, एक पाऊल पुढे असे अडखळते. क्लिपबरोबर आवाजही उलटतो आणि बोलणे परक्या भाषेसारखे ऐकू येते, म्हणून संकलक आवाज आधीच वेगळा काढून ठेवतात.

खरी अडचण मात्र चित्र दाबून साठवण्याच्या पद्धतीत आहे. १९९५ च्या सुमारास आलेल्या डीव्ही टेपमध्ये प्रत्येक फ्रेम स्वतंत्र साठवलेली असे, म्हणून ती कोणत्याही दिशेने वाचता येई. एमपेग कुळातल्या पद्धतींमध्ये, म्हणजे डीव्हीडीपासून मोबाइलपर्यंत जवळजवळ सगळीकडे, काहीच फ्रेम पूर्ण असतात. मधल्या फ्रेममध्ये आधीच्या किंवा नंतरच्या फ्रेमपेक्षा काय बदलले एवढीच नोंद असते. डीव्हीडीवर असा एक गट साधारण बारा फ्रेमचा. उलटे जायचे तर गटाच्या पूर्ण फ्रेमपासून सुरुवात करून सगळ्या फ्रेम सुलट क्रमाने उलगडायच्या, स्मृतीत धरून ठेवायच्या आणि मग शेवटची आधी दाखवायची. हेच प्रत्येक गटासाठी. मोबाइलवरचा व्हिडिओ संगणकावर मागे ओढताना अडखळतो त्याचे कारण हे. सबंध क्लिप एकदम उलगडून उलटी करणाऱ्या साधनांना किती जागा लागते याचा हिशेब सोपा आहे: १९२० गुणिले १०८० ची एक फ्रेम उलगडली की सुमारे ३.१ मेगाबाइट, सेकंदाला २५ धरून एका मिनिटाचे साडेचार गिगाबाइटच्या वर. म्हणून व्यावसायिक संकलनात असे चित्रण आधी प्रत्येक फ्रेम स्वतंत्र ठेवणाऱ्या स्वरूपात बदलून घेतात.

थांबवलेली फ्रेम छायाचित्र म्हणून जतन करायची तर आणखी गोष्टी आड येतात. जुन्या टेपवरची फ्रेम ७२० गुणिले ५७६ बिंदूंची, म्हणजे एका मेगापिक्सेलच्या निम्मीही नाही. शिवाय तिचे बिंदू चौरस नसतात; तशीच जतन केली तर चेहरे उभट दिसतात, म्हणून रुंदी ७६८ पर्यंत ताणावी लागते. एचडीची फ्रेम सुमारे दोन मेगापिक्सेलची, फोर-केची आठ. आकार वाढला तरी पुसटपणा उरतोच, कारण चलच्चित्राच्या कॅमेऱ्याचे शटर बहुधा एक पन्नासांश सेकंद उघडे असते. हलणारा हात त्यात थोडा पसरतो. हालचाल गुळगुळीत दिसायला तो पसरटपणा हवाच असतो. वेगळी काढलेली फ्रेम मात्र त्यामुळेच धूसर लागते. चित्रपटांच्या सेटवर स्टिल फोटोग्राफर वेगळा नेमण्याची पद्धत याचसाठी पडली. पोस्टरवरचा किंवा शोकार्डावरचा फोटो सहसा चित्रपटातली फ्रेम नसतो. तोच प्रसंग नटांना थांबायला सांगून स्वतंत्र कॅमेऱ्याने टिपलेला असतो.

जुन्या चित्रपटांच्या जतनात आता मागे फिरणे आणि फ्रेम थांबवणे या दोन कामांतला भेद जवळपास मिटला आहे. फाळक्यांच्या चित्रपटांची जी रिळे वाचली ती पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात आहेत. जुने रीळ स्कॅन करताना यंत्र एकेक फ्रेम हलक्या हाताने गेटसमोर आणते, थंड प्रकाशात तिचे छायाचित्र घेते आणि क्रमांक देऊन वेगळ्या फाइलमध्ये ठेवते. टू-के आकाराच्या स्कॅनमध्ये अशी एक फाइल सुमारे पावणेतेरा मेगाबाइटची असते आणि दोन तासांच्या बोलपटाच्या १,७२,८०० फाइली होतात. आक्रसलेली, भोके फाटलेली फीत प्रोजेक्टरवर चढवण्याची गरज उरत नाही. दुरुस्ती करणारा माणूस एखाद्या फ्रेमवर थांबून तिच्यावरचा ओरखडा पाहतो, आधीच्या फ्रेमकडे जातो, नंतरच्या फ्रेमकडे येतो आणि त्या दोहोंतून ओरखड्याखालचे हरवलेले चित्र भरून काढतो.